‘पालकांच्या विनंतीवरून’: वाशिम जिल्हा परिषदेला एक खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, वाशिम.



शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे एका पानाचा कागद. वर शाळेचे आणि संस्थेचे नाव, खाली सह्या आणि गोल शिक्का. मध्ये विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख. एवढा भाग लोक डोळ्यांत तेल घालून तपासतात, कारण पुढे जातीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, नोकरी असे सगळे याच कागदावर उभे राहते. त्याखालचे रकाने मात्र सहसा कोणी वाचत नाही. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून.

हे पत्र त्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल आहे.

दिवाळीनंतरचा एखादा दिवस. तालुक्याच्या गावातली मोठी शाळा. नववीतल्या मुलाच्या दप्तरात तिसऱ्यांदा मोबाइल सापडलेला असतो, किंवा मधल्या सुट्टीत त्याने कोणाचे तरी डोके फोडलेले असते, किंवा सोयाबीनच्या सोंगणीला गेलेला तो महिनाभराने वर्गात उगवलेला असतो. वडील त्या दिवसाची मजुरी बुडवून गावाहून येतात आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर तासभर बसून राहतात. आत बोलावल्यावर उभ्याउभ्या ऐकतात, की पोरगा हाताबाहेर गेला आहे, त्याच्यापायी बाकीची मुले बिघडताहेत, आता तुम्ही दाखला घेऊन जा. ‘एक खेप माफ करा सर, पोराले समजावतो मी,’ एवढेच ते म्हणू शकतात. मग कोणीतरी कोरा कागद पुढे सरकवतो आणि मजकूरही सांगतो: घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्याला दुसऱ्या शाळेत घालावयाचे आहे, तरी दाखला मिळावा ही नम्र विनंती. खाली सही, नाहीतर अंगठा. दुपारच्या गाडीने बापलेक परत निघतात.

ज्याने शाळेच्या कार्यालयात चार दिवस काढले आहेत, त्याला हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. त्यात कुठे आदेश नाही, नोटीस नाही, मुलाचे म्हणणे ऐकून घेतल्याची एक ओळ नाही. ज्याला वर्तणुकीपायी काढले, त्याच्याच दाखल्यावर वर्तणूक ‘चांगली’ लिहिलेली असते. बहुतेक मुख्याध्यापक हे कनवाळूपणानेच करतात. पोराच्या पुढच्या वाटेवर डाग नको, एवढाच त्यांचा हेतू असतो. पण त्या एका चांगल्या शब्दाने घडलेल्या गोष्टीचा माग पुसला जातो. कागदोपत्री मूल आपल्या मर्जीने गेलेले असते, आणि मर्जीने गेलेल्याची चौकशी कोण करणार?

म्हणून महोदय, वाशिम जिल्ह्यात शाळेतून निलंबित किंवा निष्कासित झालेल्या मुलांचा आकडा मागवला, तर बहुधा कोरा तक्ता हाती येईल. हे शब्द इथल्या शाळांत वापरलेच जात नाहीत. इथे म्हणतात ‘दाखला दिला’, ‘घरी बसवलं’, ‘पालकांना घेऊन ये, तोवर वर्गात बसायचं नाही’, ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’. या चारही वाक्यांचा अर्थ शेवटी एकच: तू इथे नकोस.

यातले तिसरे वाक्य सगळ्यांत निरुपद्रवी वाटते. पालकांना बोलावले तर त्यात वाईट काय? ज्याचे आईवडील गावात आहेत, त्याच्यापुरते काहीच वाईट नाही. पण मानोरा, मंगरूळपीर, मालेगावकडच्या कितीतरी तांड्यांवरून आणि गावांतून दिवाळी झाली की माणसे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. घरी राहते म्हातारी आजी आणि तिच्या जिवावर ठेवलेली मुले. अशा मुलाला ‘बापाला घेऊन ये’ म्हणणे म्हणजे होळीपर्यंत घरी बसवणे. आजीला शाळेपर्यंत चालवत नाही, फोनवर बोललेले शाळेला चालत नाही. आठ दिवसांनी मूल शाळेच्या रस्त्याने जाणे सोडते आणि महिन्याने हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सलग गैरहजेरीची रांग लागते. महाराष्ट्रात महिनाभर सलग गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य समजले जाते. मग त्याला शोधायला सर्वेक्षण निघते, बालरक्षक शिक्षक तांड्यावर जातात, हंगामी वसतिगृहाचा आणि शिक्षण हमी कार्डाचा विषय निघतो. ही सगळी यंत्रणा चांगली आहे आणि तिच्यात मनापासून राबणारे शिक्षक या जिल्ह्यात आहेत. फक्त त्यांनी शोधून आणायच्या मुलांत दारातून परत पाठवलेलेही असतात, हे कुठल्या नमुन्यात भरायचे?

कायदा याबाबत गप्प नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम १६: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. पुढे २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियमही केले. पण काढून टाकण्यावरची बंदी त्या दुरुस्तीनंतरही जागची हललेली नाही. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. आणि कलम ५ सांगते की मुलाला दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा, उशीर केला तर त्याच्यावर कारवाई व्हावी.

हे कलम ५ नीट पाहण्यासारखे आहे. शाळा दाखला अडवून धरतात आणि पालक तो मागत हेलपाटे घालतात, हे गृहीत धरून ते लिहिले गेले. ते गृहीत खोटे नव्हते. जुलै २०२५ मध्ये परभणी जिल्ह्यातील झिरो फाटा येथे एका निवासी शाळेत मुलीचा दाखला आणि भरलेली फी परत मागायला गेलेल्या वडिलांचा मारहाणीत मृत्यू झाल्याचा आरोप झाला, संस्थाचालकांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. एका कागदाला शाळांच्या दारात केवढे वजन असते, ते त्या घटनेने दाखवले. मात्र पालकाला दाखला नको असताना त्याच्याकडून तो मागवून घेतला जाईल, ही शक्यता कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही. ती फट अजून तशीच आहे.

दुसरी फट वयाची. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे पहिली ते आठवीचा. नववीच्या उंबरठ्यावर त्याचे छत्र संपते, आणि नेमके तिथेच मूल सगळ्यांत अडचणीचे होते. आवाज फुटतो, मिसरूड येते, उलट उत्तरे सुरू होतात. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा शेवटचा वर्ग संपलेला असतो, नवी शाळा पाच-दहा किलोमीटरवर, एका तुकडीत साठ मुले, सर नाव घेऊन हाक मारत नाहीत. आणि पुढच्याच वर्षी दहावी. फाटकावर ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक लावायचा तर कच्चे मूल दहावीच्या पटावर येऊन चालत नाही. म्हणून ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’. शाळा सुटलेल्यांना, काम करून शिकणाऱ्यांना बाहेरून परीक्षेला बसता यावे म्हणून मंडळाने ठेवलेली ही वाट. तिने शेकडो बायाबापड्यांना दहावी दिली आहे, ती बंद व्हावी असे कोणी म्हणणार नाही. पण शाळेत येऊ इच्छिणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्या वाटेवर ढकलणे म्हणजे शिक्षकाशिवाय, वर्गाशिवाय, प्रयोगाशिवाय एकट्याने दहावी काढ असे सांगणे आहे. ज्याला वर्गात बसून गणित येत नव्हते, त्याला ते किराणा दुकानात पुड्या बांधता बांधता कसे येईल?

याच जिल्ह्याचे एक वेगळे चित्रही आहे, आणि पत्र लिहावेसे वाटले ते त्याच्यामुळे. जानेवारी २०२३ मध्ये वाशिम जिल्ह्यातील गणेशपूर या दीडशेच्या आसपास वस्तीच्या गावाची बातमी देशभर गेली. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत एकच विद्यार्थी होता. त्याच्यासाठी एक शिक्षक बारा किलोमीटरवरून रोज येत, दोघे मिळून राष्ट्रगीत म्हणत, मग सगळे विषय एकामागून एक. पोषण आहारही त्या एकाला मिळत होता. एका मुलासाठी शाळा का चालवायची, असा प्रश्न विचारणारे तेव्हा होते आणि आजही असतील. पण आपल्या जिल्हा परिषदेने त्या वेळी शाळेचे दार उघडे ठेवले होते, कारण ते एक मूल होते.

त्या शाळेत तो मुलगा खोड्या करत नसेल का? पाटी फोडत नसेल, रुसून बसत नसेल? करत असणारच. पण दाखला देऊन टाकण्याचा विचार त्या गुरुजींच्या मनाला शिवला नसेल, कारण तो गेला तर शाळाच जाते. लहान गावांतल्या शाळांत पट टिकवण्यासाठी शिक्षक घरोघर फिरतात. पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर तर पट घटण्याची धास्ती आणखी वाढली. उलट जिथे प्रवेशाला रांग लागते, तिथे एक मूल गेले तरी त्या जागी दुसरे तयार असते. म्हणजे मुलाला किती वेळा माफी मिळणार, हे त्याच्या चुकीवर ठरत नाही. त्याच्या बाकावर बसायला मागे किती जण उभे आहेत यावर ठरते.

काढून टाकलेल्या मुलांचे पुढे काय होते, हे पाहायला विदर्भाचा इतिहास उपयोगी पडतो. नोव्हेंबर १९३८ मध्ये पैनगंगेपलीकडच्या निजामी मुलखात, औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात, विद्यार्थ्यांनी वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. शेकडो जणांना काढून टाकण्यात आले. त्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. काढलेल्यांमध्ये पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. ती मुले वाचली ती त्यांच्या गुणांमुळे, हे खरेच; पण त्याआधी दुसरीकडे एक दार उघडले गेले म्हणून वाचली. आपल्या तालुक्यातल्या नववीच्या पोरासाठी जानेवारी महिन्यात दुसरे दार कोणते? बहुतेक शाळा वर्षाच्या मध्यात दाखला पाहून विचारतात, ‘आत्ता कशाला सोडली?’ आणि ‘पालकांच्या विनंतीवरून’ या उत्तराचा खरा अर्थ प्रत्येक लिपिकाला कळतो.

शिक्षकांचे म्हणणे इथे ऐकलेच पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय यातले काहीच घडणार नाही. ते विचारतात: छडी गेली, नापास करणे गेले, आता काढूनही टाकायचे नाही, मग वर्गात बसलेल्या बाकीच्या एकोणसाठ मुलांचे काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. एक मुलगा रोज शेवटच्या बाकावरून आरोळ्या ठोकत असेल, तर पहिल्या बाकावरच्या मुलीचाही शिक्षणाचा हक्क हिरावला जातो. मुलींची छेड काढणाऱ्याला, चाकू आणणाऱ्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगून सोडून द्यावे, असेही हे पत्र म्हणत नाही. अशा वेळी काही दिवस वेगळे बसवावे लागेल, बालकल्याणाची यंत्रणा, प्रसंगी पोलिसही लागतील. शिवाय निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे यांतून शिक्षकाला मुलाच्या घरी जायला उसंत मिळत नाही, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे.

पण छडी गेली हे मात्र तितकेसे खरे नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० या वर्षात सात राज्यांतील मुलांना विचारले होते. ६,६३२ पैकी ६,६२३ मुलांनी सांगितले की आपल्याला कुठली ना कुठली शिक्षा झाली आहे. वेताने मार खाल्लेली ७५ टक्के, थोबाडीत खाल्लेली ६९ टक्के. आणि ‘तुला काही येणार नाही’ असे ऐकलेली ८१ टक्के. त्या वेळी शिक्षण हक्क कायदा नुकताच येत होता, असे कोणी म्हणेल. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतल्या एका शाळेत सहावीतल्या मुलीला उशिरा आल्याबद्दल शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांनी, बालदिनी, ती गेली. कायदा येऊन पंधरा वर्षे झाली होती.

मारणे आणि काढून टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात, पण त्या एकाच जागेतून येतात. मुलाने चूक केल्यावर पुढे काय करायचे याची तिसरी पद्धत शिक्षकाला कोणी शिकवलेलीच नसते. डी.एड.ला पाठ कसा घ्यायचा ते शिकवतात. दोन मुलांची मारामारी झाल्यावर पुढचा अर्धा तास काय बोलायचे, ते शिकवत नाहीत.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न आकड्यांनिशी मांडला गेला, कारण तिथे काढून टाकण्याची नोंद होते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात जवळपास दहा लाख विद्यार्थ्यांच्या सातवी ते बारावीच्या नोंदी तपासून २०११ मध्ये एक अहवाल निघाला. दर दहा मुलांपैकी जवळजवळ सहा जणांना त्या वर्षांत किमान एकदा निलंबित केले होते किंवा काढून टाकले होते. त्या सगळ्या कारवायांतल्या फक्त तीन टक्के कायद्याने सक्तीच्या होत्या. बाकीच्या शाळेच्या मर्जीवर. आणि किरकोळ कारणाने असे बाहेर बसवलेले मूल पुढच्याच वर्षी बालन्याय यंत्रणेपुढे येण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने पायरी-पायरीने पावले टाकली. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये ‘मुद्दाम अवज्ञा’ या कारणासाठी निलंबन बंद केले, पुढच्या वर्षी राज्याने लहान वर्गांसाठी तसा कायदा केला, आणि २०२४ पासून तो बारावीपर्यंत लागू झाला. अवज्ञा म्हणजे काय? टोपी न काढणे, उलट बोलणे, वही न आणणे. आपल्याकडच्या ‘ऐकत नाही’ या दोन शब्दांत हे सगळे बसते.

तिथे यावर जो उपाय काढला, त्यात चूक करणारा, जिचे नुकसान झाले ती व्यक्ती आणि वर्गातली मंडळी गोल बसतात. काय झाले, कोणाला काय लागले, भरपाई कशी करणार, हे मुलाच्याच तोंडून काढतात. वऱ्हाडातल्या माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालली. बांधावरून, पाण्यावरून, भावाभावांतल्या वाटणीवरून झालेली भांडणे चावडीवर बसून मिटवण्याची सवय या जिल्ह्यातल्या गावांना आहे. तांड्यावर नायक आणि कारभाऱ्यासमोर बसून बोलण्याची रीत तर त्याहून जुनी. त्या बैठकांत अन्यायही होत आला, हे विसरता येणार नाही. माणसांना वाळीत टाकले गेले, म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. मोठ्या माणसाला गावातून तोडणे हा आता गुन्हा आहे. चौदा वर्षांच्या पोराला त्याच्या वयाच्या सगळ्या मुलांपासून एका अर्जावर तोडता येते.

वर्गात ही बैठक कशी दिसेल? समजा, एका मुलाने रागाने सरांच्या मोटारसायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली आणि सीट फाडली. सरांना संध्याकाळी सात किलोमीटर गाडी ढकलत जावे लागले. रूढ पद्धतीत दुसऱ्या दिवशी बापाला बोलावणे आणि दाखला. बैठकीत आधी सर सांगतील की त्या रात्री घरी पोचायला नऊ वाजले आणि लेक तापाने फणफणली होती. मुलाला हे माहीतच नव्हते. मग मुलाला विचारतील, की असे काय झाले होते. कदाचित तो सांगेल की आदल्या दिवशी सगळ्यांसमोर सर त्याच्या बापाच्या दारूवर बोलले. सरांनाही हे टोचेल. सीट शिवायला तीनशे रुपये लागणार असतील, तर ते बापाने द्यायचे की पोराने चार रविवार शाळेची झाडे पाणी घालून जगवायची, हे तिथेच ठरेल, कागदावर येईल आणि महिन्याने पुन्हा बघितले जाईल. यात मुलाला सोडून दिलेले नाही. उलट, दाखला घेऊन घरी जाणे यापेक्षा किती तरी सोपे होते.

आणखी एक गोष्ट, जिथे शाळा एकटी काही करू शकत नाही. दप्तरात तंबाखूची पुडी सापडणे हे मुलाला घरी बसवण्याचे अगदी नेहमीचे कारण. शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायला २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. बालन्याय कायद्याचे कलम ७७ तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगते. आता एखाद्या दुपारी मधल्या सुट्टीत कोणत्याही मोठ्या शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून टपऱ्या मोजाव्यात. पुडी विकत घेणाऱ्याची शाळा सुटते आणि विकणारा तिथेच असतो. तंबाखूची सवय लागलेल्या मुलाला उपचार हवा असतो. ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक असावा अशी योजना आहे. किती शाळांनी आजवर मुलाला तिकडे पाठवले, हे पोलीस आणि आरोग्य विभागाला सोबत घेऊन आपणच विचारू शकता.

या सगळ्यासाठी समित्या नव्याने नेमायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला कायद्यानेच असतात. माध्यमिकला शिक्षक-पालक संघ आहे. मुलींची गळती आणि बालविवाह रोखण्यासाठी मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने सखी सावित्री समिती आली. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, वाशिमलाच आहे. एवढी माणसे आणि एवढ्या बैठका असताना मुलाला काढण्याचा निर्णय मात्र कार्यालयाच्या बंद दारामागे दहा मिनिटांत होतो. तो निर्णय या बैठकांसमोर यावा, इतकीच मागणी आहे.

त्यासाठी आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेल. दाखल्याचा नमुना राज्याचा आहे, तो आपण बदलू शकत नाही. पण वर्षाच्या मध्यात पाचवी ते दहावीच्या मुलाचा दाखला निघणार असेल तर त्याला एक कागद जोडायला सांगू शकता. त्यावर मुलाचे स्वतःचे म्हणणे, त्याच्याच शब्दांत. नवी शाळा कोणती, तिथे प्रवेश पक्का झाला का. आणि अर्ज दिल्यापासून सात दिवसांत केंद्रप्रमुखाने पालकांना घरी जाऊन, निदान फोन करून, विचारल्याची नोंद. ज्यांची खरोखर बदली झाली, जे गाव सोडून चालले, त्यांना यात अडचण नाही. कलम ५ प्रमाणे त्यांचा दाखला त्याच दिवशी मिळावा. ‘पालक आल्याशिवाय वर्गात नाही’ हा तोंडी नियम लेखी आदेशाने बंद व्हावा, आणि स्थलांतरित कुटुंबातल्या मुलासाठी आजी, मोठी बहीण किंवा फोन चालेल असे स्पष्ट लिहावे. सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्या सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे त्याची शेवटची शाळा कोणती, हे माध्यमिक शिक्षण विभागाने दरवर्षी पाहावे. ज्या मोठ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो, तिच्या नववीत किती मुले होती आणि दहावीला किती बसली, हेही त्याच फलकावर असावे. आणि डाएटने येत्या वर्षी इतर प्रशिक्षणांतले दोन दिवस कमी करून वर उल्लेखलेली बैठक कशी घ्यायची ते शिकवावे, तेही अनुभवी शिक्षकांकडून. असे शिक्षक प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी आहेतच. ‘नाठाळ पोरं त्यांच्या वर्गात टाका’ म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांना शोधणे कठीण नाही.

वाशिमचा जिल्हा म्हणून जन्म १ जुलै १९९८ चा. सहा तालुक्यांचा, आवाक्यातला जिल्हा आहे. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिमचे नाव आले, आणि तेव्हापासून इथे शिक्षणाचे आकडे बारकाईने पाहिले जातात. त्या आकड्यांत असा दाखला देऊन काढलेल्या मुलांचा हा एक भरावा.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे आपल्याला थोडा वेळ आहे. दाखल्यांची पुस्तके प्रत्येक शाळेच्या कपाटात असतात आणि दिलेल्या प्रत्येक दाखल्याची स्थळप्रत त्यांत राहते. मागच्या तीन वर्षांतल्या नववीच्या, ऑगस्ट ते मार्च या महिन्यांतल्या स्थळप्रती प्रत्येक तालुक्यातून मागवाव्यात. ज्यांवर ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहिले आहे, त्यांतल्या कोणत्याही पन्नास घरी आपल्या कार्यालयातून फोन जावा, संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर. विचारायचे एकच: दाखला मागायचे आधी कोण बोलले, तुम्ही की शाळा? आणि मुलगा सध्या काय करतो?

कळावे.